दवाखान्याबाहेरचा बाक

म्बारे ही हरारेची सगळ्यात जुनी वस्ती. झिम्बाब्वेच्या या राजधानीची मोठी भाजीमंडई इथंच, आणि लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचा तळही इथंच. २००६ साली या वस्तीतल्या पालिकेच्या दवाखान्याच्या आवारात एक साधा लाकडी बाक ठेवला गेला. आत खोली रिकामी नव्हती, म्हणून बाहेर. त्या बाकावर एक आजी बसायची आणि शेजारी येऊन बसलेल्या माणसाला १४ प्रश्न विचारायची.

आफ्रिकेतल्या आरोग्याबद्दल आपल्याकडे छापून येतं ते बहुतेक साथींचं. इबोला, कॉलरा, आणि बाहेरून गेलेली मदत. तिथल्या लोकांनी स्वतःच्या डोक्यानं उभं केलेलं काम आपल्यापर्यंत फारसं पोचत नाही. त्या बाकाबद्दल वाचायला लागले आणि वाचतच गेले, कारण वाचता वाचता तो धागा गोव्यात आणि शेवटी आमच्या अमरावती जिल्ह्यात येऊन पोचला.

डॉ. डिक्सन चिबांडा हे झिम्बाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या आसपास आणि मनोविकारतज्ज्ञ मोजकेच. तेही शहरात. चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण मुलीनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. ती राजधानीपासून बरीच लांब राहायची. तिथल्या डॉक्टरांशी बोलून, तिच्या आईशी बोलून असं ठरलं, की जरा बरं वाटलं की तिला हरारेला घेऊन यायचं. ती आली नाही. काही आठवड्यांनी आईचा फोन आला, मुलगी गेली. तुम्ही आला का नाहीत, असं चिबांडांनी विचारलं, तर आई म्हणाली, बसच्या भाड्याला १५ डॉलर नव्हते.

हा प्रसंग चिबांडा यांनी जाहीर भाषणांतून पुन्हा पुन्हा सांगितला आहे. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथं डॉक्टर होता, त्याला तिचा आजार ठाऊक होता, औषधही होतं. मुलगी घरातून निघायला तयार होती आणि तिची आई तिच्या सोबत होती. फक्त बसचं तिकीट नव्हतं. आरोग्यसेवा लोकांपर्यंत पोचत नाही असं आपण अगदी सहज म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात काय घडतं, ते या एका घरात दिसतं.

याच सुमारास, म्हणजे मे २००५ पासून, झिम्बाब्वे सरकारनं ‘मुराम्बात्स्विना’ नावाची मोहीम काढली. शहरांतल्या अनधिकृत झोपड्या, टपऱ्या, परसातल्या भाड्याच्या खोल्या बुलडोझर लावून पाडल्या. घर, रोजगार किंवा दोन्ही गमावलेल्या लोकांचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज सुमारे ७ लाख होता. म्बारेवर त्याचा घाव मोठा होता. लोकांच्या मनावर काय परिणाम झालाय ते पाहून काहीतरी करा, म्हणून चिबांडांना तिथं पाठवलं गेलं. त्यांनी नर्स मागितल्या. नर्सना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. खोली मागितली, तीही नव्हती. मिळालं काय, तर आवारातली मोकळी जागा आणि १४ आज्या.

या आज्या कुठून तरी गोळा केलेल्या नव्हत्या. पालिकेच्या आरोग्य खात्यासाठी त्या आधीपासून वस्तीत फिरत होत्या. पाणी उकळून प्या, क्षयाच्या गोळ्या मधेच सोडू नका, बाळाला लस द्यायला आणा, ही त्यांची रोजची कामं. लोक त्यांना ‘अंबुया उतानो’ म्हणायचे, आरोग्याच्या आज्या. बहुतेकींचं शिक्षण सात-आठ इयत्तांचं. एचआयव्हीनं त्या देशात एके काळी दर चार प्रौढांमागे एकाला गाठलं होतं. मुलगा-सून गेले आणि नातवंडं पदरात राहिली, अशी घरं तिथं जागोजागी होती. तेव्हा डॉक्टर समोरच्या माणसाचं जे दुःख कागदावर टिपून घेणार, ते या बायकांनी स्वतःच्या घरात पाहिलेलं होतं.

चिबांडांना सुरुवातीला खात्री वाटत नव्हती. मानसोपचार म्हणजे वर्षानुवर्षांचं शिक्षण, आणि समोर आठवी शिकलेल्या बायका. पण आज्यांनीच त्यांना काही गोष्टी शिकवल्या. चिबांडांनी बाकाला नाव दिलं होतं ‘मानसिक आरोग्याचा बाक’. आज्या म्हणाल्या, या बाकावर कुणी बसणार नाही. वस्ती बघत असते, कोण कुठं बसलंय ते. मग नाव बदललं आणि ‘मैत्रीचा बाक’ झाला. आता तो जगभर ‘फ्रेंडशिप बेंच’ म्हणून ओळखला जातो.

आता त्या १४ प्रश्नांकडे येते, कारण मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. गेल्या आठवड्यात तुम्ही फार विचार करत बसलात का? क्षुल्लक कारणावरून संताप आला का? वाईट स्वप्नं पडली का? पोट दुखलं का? झोप लागली नाही असं झालं का? रडू आलं किंवा रडावंसं वाटलं, इतकं आयुष्य जड झालं का? कामं मागे पडली का? काय करावं ते ठरवता येईना, असं झालं का? जीव द्यावासा वाटला का? उत्तर हो किंवा नाही. नऊ किंवा जास्त ‘हो’ आले, की त्या माणसाला बाकाची गरज आहे असं धरायचं.

ही प्रश्नावली लंडन-न्यूयॉर्कहून आणून तिथल्या शोना भाषेत उतरवलेली नाही. १९९०च्या दशकात विक्रम पटेल हे मुंबईचे तरुण मनोविकारतज्ज्ञ हरारेत काम करत होते. लोक नैराश्याबद्दल स्वतःच्या तोंडानं काय बोलतात, हे त्यांनी आणि त्यांच्या तिथल्या सहकाऱ्यांनी रुग्णांकडून, नर्सकडून, पारंपरिक वैद्यांकडून गोळा केलं. त्यातून ‘शोना लक्षण प्रश्नावली’ तयार झाली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ असा प्रश्नच नाही. पोटात दुखतं का, कामं मागे पडतात का, असं विचारलेलं आहे. जे बाई शेजारणीला सहज सांगेल, तेच.

हे वाचताना मला माझी मोठी आई आठवली. मोठे बाबा गेल्यानंतर तिच्या छातीत धडधडायचं, घशात गोळा अडकल्यासारखं व्हायचं, रात्रभर ती छताकडे बघत पडायची. तिला अमरावतीला नेलं. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून पोट तपासून झालं. एका साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत ते सगळे रिपोर्ट घडी घालून ठेवलेले असायचे आणि दर नव्या डॉक्टरपुढे ती पिशवी उघडली जायची. सगळं नॉर्मल. गॅसच्या गोळ्या, ताकदीचं इंजेक्शन, सलाईन. पिशवी जाड होत गेली. तिला कुणीही, अगदी कुणीही, ‘रात्री तुम्ही कसला विचार करत पडता’ एवढं विचारलं नाही. वाईट वागणूक कुणी दिली असं नाही. ओपीडीत मागे चाळीस माणसं उभी असताना तो प्रश्न विचारायला जागाच नसते. म्बारेतल्या आजीकडे मात्र तो प्रश्न कागदावर छापलेला होता आणि तो विचारणं हेच तिचं काम होतं.

विचारून झाल्यावर पुढं काय करायचं, हेही ठरलेलं असतं. पहिली भेट तासाभराची. बाई बोलते, आजी ऐकते. मग सगळ्या अडचणी एकेक करून मांडायच्या. नवऱ्यानं दुसरं घर केलं, एचआयव्हीची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि घरी सांगायची भीती वाटते, भाडं थकलंय, पोराची फी भरायचीय. या साऱ्यातली एकच अडचण निवडायची, आणि कुठली ते बाईनं ठरवायचं. मग त्या एका अडचणीवर येत्या आठवड्यात करता येईल अशी एक गोष्ट शोधायची. घरमालकाला जाऊन भेटायचं, बहिणीला सांगायचं, एवढीच. पुढच्या भेटीत विचारायचं, केलंस का? जमलं नसेल तर का नाही? अशा सहा भेटींपर्यंत हे चालतं. आधी मन मोकळं करायचं, मग त्याला उभारी द्यायची आणि शेवटी ते बळकट करायचं, अशा तीन पायऱ्या. जीव देण्याच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर आजीनं ते एकटीनं सांभाळायचं नसतं. ती त्या माणसाला आतल्या नर्सकडे पोचवते, आणि तिथून गरज असेल तर वरच्या डॉक्टरकडे.

आज्यांच्या मायेवर माझा विश्वास आहेच, पण माया मोजता येत नाही, आणि चिबांडा यांना मोजून दाखवायचं होतं. हरारेतल्या २४ दवाखान्यांत चाचणी झाली. ५७३ रुग्ण. निम्म्या दवाखान्यांत आज्यांचा बाक, उरलेल्यांत नेहमीचे उपचार आणि थोडी जास्तीची माहिती. सहा महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात जवळजवळ निम्म्या लोकांत अजून नैराश्याची लक्षणं होती. बाकाच्या गटात ती शेकडा १४ पेक्षाही कमी लोकांत उरली होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डिसेंबर २०१६ मध्ये हे निष्कर्ष आले. कॉलराची साथ, दुकानांतून गायब झालेला पाव, शंभर लाख कोटींची नोट छापावी लागली ती महागाई, परदेशी निघून गेलेले डॉक्टर-नर्स, या सगळ्यातून गेलेल्या देशात हे घडलं होतं. आज्या कुठं गेल्या नव्हत्या. त्यांची घरं, नातवंडं, चर्च, मंडई सगळं तिथंच होतं.

या चाचणीतल्या शेकडा ४० पेक्षा जास्त लोकांना एचआयव्ही होता. त्यावरून मला मुंबई आठवते. २००१च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी एड्सवरच्या तीन औषधांचं मिश्रण ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं. तेव्हा तीच औषधं श्रीमंत देशांत वर्षाला १० हजार डॉलरच्या वर होती. त्या एका घोषणेनं आफ्रिकेतल्या लाखो घरांचं चित्र बदलायला सुरुवात झाली. मुंबईकर म्हणून, मराठी माणूस म्हणून आपल्याला त्याचा जेवढा अभिमान वाटायला हवा, तेवढा वाटताना मला दिसत नाही. पण गोळी स्वस्त झाली तरी ती रोज, न चुकता, आयुष्यभर घ्यावी लागते. ज्या बाईला सकाळी उठावंसंच वाटत नाही, ती गोळी कशी घेणार? स्वस्त औषध आणि बाकावरची आजी, दोघांचं काम एकमेकांवाचून अर्धं राहतं.

हरारेहून परतल्यावर विक्रम पटेल गोव्यात आले आणि १९९६ मध्ये तिथं सहकाऱ्यांसोबत ‘संगाथ’ ही संस्था उभी राहिली. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांकडे त्यांनी स्थानिक बायांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन बसवलं. कुणाकडे मानसशास्त्राची पदवी नाही. २०१०च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या चाचणीचे आकडे आले. सरकारी केंद्रांमध्ये या बायांची मदत मिळालेल्यांत सुमारे ६६ टक्के लोक सावरले, न मिळालेल्यांत ४२ टक्क्यांच्या आसपास. दोन खंडांत, दोन भाषांत, एकच गोष्ट सिद्ध होत होती.

आणि मग आमचं विदर्भ. २०११च्या सुमाराला अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. संगाथ त्यात होतीच, काम पाहणाऱ्यांत डॉ. राहुल शिधये होते. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेली ही गावं. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, त्यांनी घरोघर बोलणं सुरू केलं, नैराश्याची पहिली मदत गावातच मिळू लागली. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी चार जेमतेम कुणाकडे मदतीला जात होती. दीड-दोन वर्षांत तो आकडा २७ वर गेला. म्हणजे अजूनही शंभरातली ७३ घरातच होती. तरी ज्या जिल्ह्यात ‘टेन्शन घेऊ नका’ यापलीकडे उपचार माहीत नव्हता, तिथं हा फरक लहान नाही.

एका गोष्टीचा मला त्रास होतो, तो सांगायलाच हवा. ही गोष्ट जगभर फार लोकप्रिय झाली. न्यूयॉर्कमध्ये नारिंगी रंगाचे बाक आले, मलावीत आणि झांझिबारला बाक गेले, वर्तमानपत्रांत सुरकुतलेल्या, हसऱ्या आजीचे फोटो आले. वाचणारा हरखून म्हणतो, वा, आजीच्या मायेनं जग बरं होतं! असं म्हटलं, की मग बाकी कशाची तजवीज करायला नको. माया फुकट असते. पण म्बारेत नुसती माया नव्हती. छापलेली प्रश्नावली होती, आठवड्याभराहून अधिक काळाचं प्रशिक्षण होतं, आजीच्या मागे नर्स होती, नर्सच्या मागे डॉक्टर. आणि सगळ्यात आधी, पालिकेनं या बायकांना आरोग्याच्या कामावर घेतलेलं होतं, त्याचे पैसे दिले जात होते, थोडे का असेनात. यातलं एकेक काढून घ्या आणि मग बघा काय उरतं ते.

आफ्रिकेत गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या बहुसंख्य बायकांना आजही पगार नाही. काही देशांनी मात्र वेगळं ठरवलं. इथिओपियानं २००३ पासून दहावी झालेल्या मुलींना वर्षभराचं शिक्षण देऊन प्रत्येक खेड्यात दोघी नेमल्या, सरकारी पगारावर. अशा ३० हजारांहून जास्त बायका तिथं उभ्या राहिल्या आणि बालमृत्यू झपाट्यानं खाली आले. लायबेरियानं इबोलानंतर, २०१६ मध्ये, दूरच्या वस्त्यांसाठी आरोग्य सहायक नेमले आणि त्यांना दरमहा ७० डॉलर ठरवले. केनियानं २०२३ मध्ये एक लाख आरोग्य प्रवर्तक मानधनावर घेतले. हे देश आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत. आपल्या आशाताई मोबदल्यासाठी आझाद मैदानावर बसतात, तेव्हा मला इथिओपियातल्या अदिस अबाबाची आठवण होते.

बाकालाही मर्यादा आहेत आणि त्या आज्यांना कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहेत. ज्याला भास होतात, ज्याचा आजार गंभीर आहे, त्याला डॉक्टर आणि औषधच लागतं, आणि देशातल्या मोजक्या मनोरुग्णालयांत त्याची सोय नीट होईलच असं नाही. शिवाय बाकावर मांडलेल्या अडचणींच्या यादीत सगळ्यात वर बहुतेक वेळा पैसा असतो. आजी नोकरी देऊ शकत नाही. म्हणून तिथं दुसरी गोष्ट निघाली. सहा भेटी झालेल्या बायकांचे गट, ‘कुबातना तोसे’, म्हणजे सगळ्यांनी एकमेकींना धरून राहायचं. आठवड्याला जमायचं, गोल करून बसायचं. हातात क्रोशाची सुई आणि जुन्या प्लास्टिकच्या फाडलेल्या पट्ट्या, त्यांच्या पिशव्या विणायच्या. हात चालू असतात, बोलणं चालू असतं, आणि पिशवी विकली की थोडे पैसे मिळतात. उपचार आणि कमाई एकाच गोलात आणायची ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे बचतगट गावोगाव आहेत. त्यांच्या सभांना कर्जाचे हप्ते विचारले जातात. झोप लागते का, हेही तिथं विचारता येईल.

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती आहे, तिची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मी सदस्य नाही, पण अर्ज देता येतो, आणि तो मी लिहून ठेवला आहे. आवारात बाक आहेत, कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ दिलेले, ते मागायची गरज नाही. मी तीन गोष्टी मागितल्यात. गावातल्या पन्नाशीपुढच्या दोन बायकांना प्रशिक्षण आणि महिन्याला ठरावीक मानधन, तेही कामाच्या पहिल्या दिवसापासून. बाजाराच्या दिवशी, गुरुवारी, नर्सताईंचा एक तास फक्त या दोघींसाठी राखून, कारण अवघड माणूस समोर आला तर त्यांनी कुणाकडे बघायचं? आणि प्रश्नांचा कागद आमच्या वऱ्हाडीत, गावातल्या बायकांना विचारून तयार केलेला. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत, रात्रीबेरात्री लागला तर. समितीतल्या एकांनी आधीच विचारलं, मानधन कुठल्या निधीतून द्यायचं? मी म्हटलं, रंगरंगोटीच्या निधीतून द्या, केंद्राची भिंत एक वर्ष जुनी राहिली तरी चालेल.